दोनदा विझलेला तारा

सिंधूताई नंदनवारांच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "अजून काम चालतंय ना? मग घाई करू नका. पुढच्या वर्षी पाहू."

सिंधूताई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी कायचं जी? हिवाळ्यात पाहुणा येऊन राहिला. मागच्या टायमाले आला तं वैभवच्या बाबानं पाहिला. आता मले पाहाचा आहे."

डॉक्टरांना वाटलं, कोणी नातेवाईक असेल. त्यांनी हसून तारीख दिली. मी सोबत होतो. वैभव, म्हणजे सिंधूताईंचा मुलगा, नागपूरजवळच्या वाडीला एका गोदामात सुपरवायझर आहे. त्याला त्या दिवशी सुटी मिळाली नव्हती, आणि माझं घर त्यांच्या घराला भिंत लावून आहे. डॉक्टरांजवळ मी खुलासा केला नाही, कारण बाहेर रांग होती. इथे करतो.

हा पाहुणा म्हणजे नेपच्यूनच्याही पलीकडून सूर्याभोवती फिरणारा एक लहानसा गोळा. त्याला अजून नाव नाही, नुसता क्रमांक आहे. आमच्या गच्चीवरच्या दुर्बिणीतून तो कधीच दिसत नाही. पण फिरता फिरता एखाद्या वेळी तो एखाद्या ताऱ्याच्या नेमका समोर येतो. मग तो तारा विझतो, थोडा वेळ विझलेला राहतो आणि परत लागतो. दिसतं ते एवढंच.

मी वाणिज्य शाखेचा माणूस. मला हे समजायला वेळ लागला. शेवटी वाडीच्या रस्त्यावर समजलं. आमचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस तिथे आहे. एकदा वीज गेली होती आणि पलीकडच्या चहाच्या टपरीवर एकच कंदील जळत होता. अधूनमधून तो दिसेनासा व्हायचा. मधून ट्रक गेला की कंदील झाकला जायचा. अंधारात ट्रक दिसत नव्हता, पण कंदील किती वेळ झाकला गेला यावरून तो टेम्पो होता की लांब ट्रेलर, ते सांगता येत होतं. पाहुण्याचं मापही असंच काढतात. ताऱ्याच्या उजेडात त्याची सावली पृथ्वीवरून सरकत जाते. त्या वाटेवर जागोजागी माणसं बसतात, कोणी कुहीला, कोणी भिवापूरला, कोणी नागपुरात. प्रत्येकाचा तारा वेगवेगळा वेळ विझतो. एखाद्याचा विझतच नाही, आणि त्याचंही मोल तेवढंच, कारण सावली कुठे संपली ते त्याच्यामुळे कळतं. सगळ्यांची मापं शेजारी शेजारी मांडली की गोळ्याचा आकार दिसू लागतो.

सिंधूताई हे एका वाक्यात सांगतात. "एका धाग्याचं कापड होते का जी?"

त्या उमरेडच्या कोष्ट्यांच्या. लहानपणी घरातल्या मागासाठी सुताच्या कांड्या भरत. लग्न होऊन आल्या तेही विणकराचंच घर. सासू-सासरे होते तोवर माग चालला. नंतर त्यावर गाद्या ठेवू लागले. नवरा, मनोहरराव, कापडगिरणीत लागले. गिरणी बंद पडल्यावर ते चष्म्याच्या दुकानात काचा घासू लागले. तिथे हात बसला आणि डोक्यात खूळ शिरलं. ताटाएवढी जाड काच आणून घरी रोज संध्याकाळी पूड टाकून घासायला बसायचे. काच घासून आरसा, आरशाची दुर्बीण. हे काम कित्येक महिने चाललं. तेव्हा आम्ही नुकतेच नागपुरात दिघोरीला राहायला आलो होतो. भिंतीपलीकडून खर्र खर्र आवाज यायचा. माझ्या बायकोने विचारलं तेव्हा सिंधूताई म्हणाल्या होत्या, "माह्या सवतीले चमकावून राहिले."

दुर्बीण झाली. पाइपवाल्याकडून आणलेली जाड नळी, तळाशी आरसा, वरचं तोंड उघडं. डोळा लावायची जागा वरच्या तोंडाजवळ, बाजूला. त्यामुळे पाहणारा माणूस आकाशाकडे तोंड करून बसत नाही, आडवा बसतो आणि नळीत बाजूने पाहतो. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याची गरज आहे.

आकाश पाहणाऱ्यांचं एक मंडळ आहे. गिरिधर नावाचा शाळामास्तर ते चालवतो. कोणी कुठे बसायचं ते तोच ठरवतो. त्याने मनोहररावांना पाहुण्यांच्या कामाला लावलं. पुढे इतरांनी कॅमेरे घेतले. मनोहरराव डोळ्यानेच पाहत राहिले. तारा विझला की मोठ्याने "गेला" म्हणायचं, लागला की "आला". बाजूला फोन आवाज टिपत असतो आणि त्या आवाजावरून वेळ काढतात. संध्याकाळी गच्चीवरून "गेला!" अशी आरोळी आली की गल्लीतले नवे भाडेकरू दचकायचे.

आठ वर्षांपूर्वी हा पाहुणा पहिल्यांदा आमच्या वाटेवर आला. हिवाळ्याची संध्याकाळ होती, तारा पूर्वेला गच्चीच्या कठड्यावर थोडा वर आलेला. त्या दिवशी मनोहररावांच्या फोनमध्ये चार शब्द टिपले गेले. आधी झटपट "गेला, आला". थोड्या वेळाने परत "गेला", आणि बऱ्याच अवकाशाने "आला". म्हणजे त्यांचा तारा दोनदा विझला होता, एकदा क्षणभर आणि एकदा पुरता.

दोनदा विझण्याला मोठा अर्थ होता. मुख्य गोळ्याच्या अलीकडे काहीतरी लहानसं असलं पाहिजे, त्याचा चंद्र किंवा त्याच्याभोवतीचं कडं. मनोहरराव उजाडायच्या आत आंघोळ करून गिरिधरकडे गेले. पण कुहीचा आणि भिवापूरचा कॅमेरा तपासला तर तिथे तारा एकदाच विझलेला.

मंडळाच्या बैठकीत मी मनोहररावांच्या शेजारी बसलो होतो. गिरिधर म्हणाला, "काका, तुमचा तारा दोनदा कसा विझला?"

"मले दोनदा विझलेला दिसला."

"मग जराशी डुलकी लागली असंन. थंडी होती, कान बांधलेले, वरून काकूंनी पोट भरून जेवू घातलं असंन."

सगळे हसले. मनोहररावही हसले. गिरिधरच्या मनात काही वाकडं नव्हतं; तो त्यांना मानायचा. त्याने ते पहिलं विझणं शंकास्पद म्हणून बाजूला ठेवलं आणि बाकीचं घेतलं. रीतीप्रमाणे ते बरोबरच होतं.

पण तो शब्द मनोहररावांना लागला. गिरणीत रात्रपाळीला मुकादम टॉर्च घेऊन फिरायचा आणि पेंगणाऱ्याच्या तोंडावर उजेड पाडायचा. इतक्या वर्षांत आपल्या तोंडावर तो उजेड कधी पडला नाही, हे ते नातेवाइकांच्या लग्नातसुद्धा सांगत. त्यानंतर जेवता जेवता मध्येच हात थांबायचा आणि म्हणायचे, "सिंधू, मी झोपलो नव्हतो वं."

"नव्हते ना. मी कुठं म्हणून राहिली?"

"तू नाही म्हणून राहिली. पण मी झोपलो नव्हतो."

"बरं, वरण घ्या."

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. हृदय थांबलं, दुपारी, पडल्या जागी. गिरिधर सुतकाचे सगळे दिवस येत होता. शेवटच्या दिवशी सिंधूताईंनी त्याला थांबवून घेतलं आणि विचारलं, "तो पाहुणा परत कव्हा येईन गा?"

गिरिधरला आधी कळलंच नाही त्या काय विचारतात ते. कळल्यावर त्याने सांगितलं, की तो हळू चालतो, त्यामुळे इथे परत त्याची सावली पडायला वर्षं लागतील. सिंधूताई म्हणाल्या, "लागू दे. तवापर्यंत मले शिकव."

चौथीपर्यंत शिकलेली साठीची बाई. दुर्बिणीला पहिल्यांदा डोळा लावला तेव्हा त्यांना मागच्या घरच्या तुळसाबाईंची पाण्याची टाकी दिसली, तीही उलटी. "अव्वा! पाणी नाही सांडून राहिलं!" म्हणाल्या. पण चिकाटी होती. लहानपणी तुटलेला धागा हेरायची सवय होती म्हणा, किंवा दुसरं काही, वर्षभरात त्या एकट्या दुर्बीण लावू लागल्या. आमच्या आकाशातून असे ताऱ्यांना झाकणारे लहानसहान दगड बरेच जातात. सिंधूताई प्रत्येकाला बसायच्या. बहुतेक वेळा ढग असायचे, नाहीतर तारा विझायचाच नाही. त्या फोनवर सांगायच्या, "नाही गेला गा." त्यांच्या 'नाही'वर गिरिधरचा फार भरवसा. तो म्हणायचा, बाकीच्यांना विझलेला पाहायची इतकी इच्छा असते की डोळा फसवतो. काकू फसत नाहीत.

मी त्यांच्या सोबतीला जाऊ लागलो. फोन धरायचा, शेजाऱ्यांना गच्चीवरचे दिवे बंद करायला सांगायचं. मला आकाशातलं कळत नाही, पण व्यवस्था लावता येते.

गेल्या डिसेंबरात पाहुणा आला. तो इतका हळू चालतो की आठ वर्षांनीही जवळपास त्याच नक्षत्रात होता. त्यामुळे महिना तोच, वेळ संध्याकाळचीच, आणि तारा पूर्वेला कठड्यावर तेवढाच वर. सिंधूताईंचा नवा डोळा तयार होता. दुपारी त्यांनी मला हाक मारली. गच्चीवर मनोहररावांनी दुर्बिणीसाठी सिमेंटचा ओटा केला आहे. त्यावर दुर्बीण मांडून त्या उंच स्टुलावर बसल्या होत्या, उगाच, दिवसाउजेडी.

"भाऊजी, एक सांगू का?"

"सांगा ना, वहिनी."

"गिरिधरले गोळ्याचं माप पाहिजे. त्याले देऊ आपण. मले फक्त त्याच्या आधीचं पाहाचं आहे. तारा आधी जरासा विझते का नाही, तेवढंच. विझला तं मी गिरिधरले म्हणन, पाहा गा बाबू, माणूस जागा होता."

"आणि नाही विझला तर?"

त्यांनी दुर्बिणीच्या नळीवरून हात फिरवला. "तं मंग मीच काय ते पाहीन. आठ वर्षं म्हणून राहिली, नव्हते झोपले, नव्हते झोपले. कोनाले म्हणून राहिली मी?"

मला एवढं कळलं की आठ वर्षांत त्यांनाही कधी कधी वाटलं असावं, की लागली असेल डुलकी. आणि तसं वाटलं याचंच त्यांना वाईट वाटत होतं.

संध्याकाळी मी सगळी व्यवस्था पाहिली. तुळसाबाईंनी गच्चीवरचा दिवा बंद केला. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने बाहेरचा झगझगीत बल्ब काढून ठेवला, वर "काकूला बेस्ट ऑफ लक सांगा" म्हणाला. माझ्या घरचे सगळे दिवे मी बंद केले, त्यावर बायकोचं ऐकून घेतलं. घरात सिंधूताईंनी सुनेला, रोशनीला, ताकीद दिली होती. गच्चीचा दिवा लावायचा नाही आणि आवाज करायचा नाही. रोशनी एका कापडाच्या दुकानात कामाला जाते, दिवेलागणीनंतर परतते. "हाव आई, दहा वेळा सांगितलं तुमी," ती म्हणाली.

आकाश स्वच्छ होतं. थंडी होती आणि दव पडायला लागलं होतं. सिंधूताईंनी कान बांधले, डोळा लावला. शहराच्या उजेडात दुर्बिणीत तो एकच तारा धड दिसत होता. त्यांची पाठ माझ्याकडे, तोंड दक्षिणेकडे. नळीचं उघडं तोंड पूर्वेकडे वर केलेलं. मी जिन्याजवळ भिंतीला टेकून फोन धरला. गिरिधर कुहीला बसला होता. फोनमध्ये टिपणं सुरू केलं आणि आम्ही गप्प झालो.

वेळ जवळ येत होती. जिन्याचं दार हलकेच उघडलं. रोशनी, अनवाणी. तिने मला हाताने खूण केली, काही नाही, काही नाही. नळीच्या आणि पूर्वेच्या कठड्याच्या मध्ये कपडे वाळत घालायची दोरी आहे. घर बांधलं तेव्हापासून आहे. त्यावर एक सोलापुरी चादर दुपारपासून तशीच राहिली होती. तारा दोरीच्या वर होता, त्यामुळे लटकलेल्या चादरीची काही अडचण नव्हती आणि ती माझ्या मनातही आली नव्हती. रोशनी वाकून दोरीपर्यंत गेली. चादर ओढली. दवाने जड झाली असावी. सवयीने तिने ती दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरून झटकली. आवाज होऊ नये म्हणून हळूच झटकली.

"गेला!" सिंधूताई ओरडल्या. "आला!"

रोशनी चादर छातीशी धरून खाली बसली. तिला वाटलं आपण आवाज केला. मी मात्र दोन्ही एका नजरेत पाहिलं होतं. चादर वर गेली आणि शब्द आला, चादर खाली आली आणि दुसरा शब्द आला.

मला बोलायची सोय नव्हती. टिपणं चालू होतं आणि खरी वेळ यायची होती. सिंधूताईंचा डोळा दुर्बिणीवरून हलला नाही, पण त्यांचे खांदे हलत होते. त्या रडत होत्या, आणि डोळ्यात पाणी येऊ नये म्हणून एका डोळ्याने रडत होत्या म्हणा ना. मोकळ्या हाताने त्यांनी तो गाल पुसला.

मग तारा खरोखर विझला. "गेला," त्या म्हणाल्या, या वेळी अगदी शांतपणे. मी तिकडे पाहिलं. मला काय दिसणार? गल्लीतल्या कुत्र्याने एकदा भुंकून घेतलं. बराच वेळ गेला. "आला."

त्यानंतरही त्या तशाच बसल्या. चंद्र नसून कडं असेल तर पलीकडच्या बाजूलाही तारा पुन्हा जरासा विझायला हवा होता. विझला नाही. मग त्यांनी मान वर केली.

"भाऊजी! आयकलं ना? आयकलं ना तुमी? आधी जरासा विझला! तसाच! रोशनी, ये वं इकडे, तुहा सासरा जागा होता!"

रोशनी चादर घेऊन धावली आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी फोन बंद केला. मला आयुष्यभर आकडा जुळला की बरं वाटत आलं आहे, पण त्या मिनिटाला तो न जुळवता तसाच राहू द्यावा असं फार वाटलं. चादर पाहणारा मी एकटा होतो. रोशनीला काही समजलं नव्हतं. सिंधूताई गिरिधरला फोन लावायला निघाल्या होत्या. कुहीच्या कॅमेऱ्यात काही नसणारच होतं, पण या वेळी त्या म्हणू शकल्या असत्या, याच गच्चीवरून दोनदा दिसलं, दोन माणसांना. आणि गिरिधर त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून कुठे कुठे कळवून बसला असता.

"वहिनी," मी म्हटलं, "फोन जरा थांबवा."

"काहून?"

"तो पहिल्यांदा विझला, तेव्हाच रोशनीनं चादर झटकली. दुर्बिणीसमोर. मी पाहिलं."

रोशनीने तोंडावर हात घेतला. "आई... दवानं ओली होऊन राहिली होती जी. मी बोलली नाही, दिवाही लावला नाही."

सिंधूताई फोन पदराखाली धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. मग त्या म्हणाल्या, "रोशनी, चादर परत टाक दोरीवर."

"आई, माफ करा ना..."

"टाक म्हणून राहिली ना वं. आन् मघाशी झटकली तशीच झटक."

त्या परत स्टुलावर बसल्या. तारा अजून दुर्बिणीत होता. डोळा लावला. रोशनीने रडवेल्या तोंडाने चादर दोरीवर टाकली, ओढली, डोक्यावर धरून झटकली.

"गेला. आला," सिंधूताई म्हणाल्या. "अजून एक खेप."

परत चादर. "गेला. आला."

तिसऱ्या खेपेला त्या ओरडल्या नाहीत. डोळा दुर्बिणीलाच ठेवून त्या हसायला लागल्या. आधी नुसती पाठ हलत होती, मग आवाज फुटला, मग इतकं हसू आलं की स्टुलाचा पाय वाजायला लागला. रोशनी घाबरून माझ्याकडे पाहत होती.

"मीच होती वं ते," त्या म्हणाल्या. "अवं बाई, मीच होती!"

"काय मीच होती?" रोशनीने विचारलं.

"त्या दिवशी. दोरीवर लुगडं होतं माह्यं, हिरवं, सासूबाईच्या मागावरचं. दव पडून राहिलं म्हणून मी आणाले आली. हे बसले होते इथं, असे. बोललं का खेकसत, म्हणून मी मुकाट्यानं आली, लुगडं काढलं आन् गेली. नऊ वार कापड! झटकल्याबिगर घडी होते का त्याची?"

मी विचारलं, "मनोहररावांना कळलं नाही? आवाज आला असेल."

"आला असंन ना. पण मी रोजच येत होती जी कपडे न्याले. संध्याकाळी सिंधू वर येते, कपडे नेते. थे तं जसं खाली कुकरची शिटी होते, तसं." मग म्हणाल्या, "आन् मले कोनी विचारलंच नाही. तवा मले काय माहीत, तारा विझते का लागते. माणसं माणसायलेच विचारत होते."

त्यांनी स्टूल मागे सरकवला. हसू ओसरलं होतं. नळीच्या ज्या जागी मनोहररावांचा हात टेकलेला असायचा तिथला रंग गेला आहे. त्यांनी आपला हात तिथे ठेवला.

"म्हणजे विझला होता," त्या हळूच म्हणाल्या. "त्यायच्या डोळ्यात तारा खरंच विझला होता. दिसला तसाच बोलले."

"हो," मी म्हटलं. "अगदी दिसला तसा."

मग त्यांनी गिरिधरला फोन लावला आणि माझ्यासाठी मोठ्या आवाजावर ठेवला. पलीकडून कुहीच्या वाऱ्याचा आवाज येत होता. "काकू! दिसला का? इथे फार सुंदर आला. तुमच्याकडे?"

"दिसला गा. एकदाच विझला. भाऊजीच्या फोनात तुले दोनदा आयकू येईन, त्यातलं पहिलं काढून टाक. ती रोशनीनं चादर झटकली."

"चादर?" गिरिधरही हसला. "बरं बरं, काढतो."

"अजून एक. मागच्या वेळचं, तुह्या काकाचं, ते शंकास्पद लिहून ठेवलं आहे ना तू?"

"हो काकू."

"त्याच्यावर शंका नको ठेवू आता. ती मी होती. लुगडं झटकलं म्या, दुर्बिणीच्या तोंडासमोर. आत्ता तीनदा करून पाहिलं इथं, भाऊजी साक्षीला आहेत. तुह्या गोळ्याले चंद्र नाही ना काही नाही."

गिरिधरला समजायला वेळ लागला. मग तो म्हणाला, "काकू, मी काकांना सगळ्यांसमोर डुलकी म्हटलं होतं."

"हाव ना. त्याचंच तं सांगून राहिली. डुलकी नव्हती गा, धुणं होतं."

"मी पुढच्या बैठकीत सांगतो. सगळ्यांसमोरच सांगतो."

"सांग. आन् हसाचं तं हसा, पण सांग आधी."

फोन ठेवल्यावर रोशनीने विचारलं, "आई, दोरी सरकवायची का उद्या? त्या भिंतीकडे बांधू."

"काहून? दोरी आहे तिथं बरी आहे. पाहुणा यायच्या दिवशी कपडे आधी काढाचे, एवढं ध्यानात ठेव." चादरीची दोन टोकं रोशनीच्या हातात होती, दुसरी दोन त्यांनी घेतली. सासू-सुनेने ती ताणली, जोडली, परत ताणली. घडी झाल्यावर सिंधूताई म्हणाल्या, "कोष्ट्याच्या घरात सोलापूरची चादर. ह्याचंच हसू आलं असंन त्यायले वरून."

मी दुर्बीण आत न्यायला हात लावला. घरी आलो तेव्हा बायकोने विचारलं, दिवे लावू का आता, आणि काय झालं. मी सांगत होतो तर ती स्वयंपाकघरात जाऊन पदर डोळ्याला लावून आली आणि म्हणाली, कांदा चिरत होते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. उन्हं वर आल्यावर मी आमच्या गच्चीवर कुंड्यांना पाणी घालायला गेलो. पलीकडे दोरीवर एक हिरवं लुगडं वाळत होतं. पेटीतलं काढलेलं असावं, घड्यांच्या जागी रंग उडाला होता. ते इतकं लांब होतं की दोरीवर दुमडून टाकूनही दोन्ही टोकं जवळजवळ जमिनीला लागत होती. संध्याकाळी मी मुद्दाम वर गेलो. सिंधूताई आल्या, लुगडं दोरीवरून काढलं, दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेऊन चांगलं दोनदा झटकलं, आणि रिकाम्या ओट्याकडे बघत घडी घालू लागल्या.